एक्का-राजा हातात, तरी हजार गेले. कुठे?

नमस्कार ताई,

वय 36, राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत. टेक्सास होल्डेम, म्हणजे दोन पानं हातात आणि पाच मध्ये उघडणारं पोकर, शिकलो ॲपवर. 2025च्या ऑगस्टमध्ये कायदा आला, ॲपवरचे पैशांचे खेळ बंद झाले आणि आम्ही सातजण दर शनिवारी कासारवडवलीला एका मित्राच्या फ्लॅटवर बसायला लागलो. ब्लाइंड, म्हणजे दोघांनी पानं बघायच्या आधीच टाकायचे पैसे, 5 आणि 10. बाय-इन, म्हणजे बसताना घ्यायच्या चिप्स, 1,000. रात्री नऊला बसतो ते तीनपर्यंत. यजमान प्रत्येक डाव संपला की पॉटमधून, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांतून, 10 रुपये काढतो, एसीचे आणि खाण्यापिण्याचे म्हणून.

मी बहुतेक शनिवारी हरतो. आजवर 40 हजारांच्या आसपास गेले असतील. बायकोला वाटतं, पार्टीचा खर्च आहे.

परवाचा डाव सांगतो. मला इस्पिकचा एक्का आणि बदामचा राजा. माझ्या आधीच्या दोघांनी नुसते 10 टाकले होते. पान कळू नये म्हणून मीही 10च टाकले. मागून बटणवाला, म्हणजे फ्लॉपपासून सगळ्यांत शेवटी बोलणारा, आला, दोन्ही ब्लाइंड आले. सहाजण, पॉट 60. फ्लॉपला, म्हणजे मधल्या पहिल्या तीन पानांत, किलवरचा राजा, चौकटची नव्वी, चौकटची छक्की. मी 20 लावले. बटणवाला आणि बिग ब्लाइंडवरचे (10वाले) आमचे बँकवाले मित्र, दोघांनी कॉल केला, म्हणजे तेवढेच घातले. पॉट 120. टर्नला, म्हणजे चौथं पान, इस्पिकची दुर्री. सगळ्यांनी चेक केलं, म्हणजे काही लावलं नाही, मीही केलं. रिव्हरला, म्हणजे पाचवं आणि शेवटचं पान, इस्पिकची चौकी. बँकवाल्यांनी 100 लावले. हा माणूस आयुष्यात कधी ब्लफ मारत नाही. तरी मी 300 केले. त्यांनी शांतपणे ऑल-इन केलं, म्हणजे समोर होते ते सगळे लावले, एकूण 900. एवढे घातलेत तर आता काय मागे फिरायचं, म्हणून मी कॉल केला. त्यांनी पानं उघडली, तर नव्वी आणि चौकी, दोन जोड्या! नव्वी-चौकी कोण खेळतं ताई?

माझे प्रश्न असे. रिव्हरची ही साडेसाती कशी टाळायची? मी ब्लफ वाढवावेत का? गेलेले पैसे काढायला थोड्या मोठ्या टेबलावर बसू का? वाशीला एक ग्रुप 50-100 खेळतो. आणि आमच्यातला एक मित्र दर वेळी दश्शी-दुर्री खेळतो, ‘चॅम्पियनचा हात आहे’ म्हणतो आणि कधीकधी जिंकतोसुद्धा. त्याला समजवावं का?

— रिव्हरग्रस्त, ठाणे

*

रिव्हरग्रस्त यांस,

नव्वी-चौकी कोणीच खेळत नाही. तुमच्या बँकवाल्या मित्रांनीही ती खेळायला घेतली नव्हती. ते बिग ब्लाइंडवर होते, त्यांचे 10 रुपये पानं बघायच्या आधीच टेबलावर गेले होते. पुढे कोणी वाढवलं नाही, मग त्यांनी फ्लॉप फुकटात पाहिला. त्यात त्यांचं काय चुकलं? फुकट मिळालेलं कोण सोडतो? त्यांना आत घेतलं ते तुम्ही, एक्का-राजा हातात धरून नुसते 10 टाकून.

तुम्ही 50 केले असते तर बँकवाल्यांना आणखी 40 घालावे लागले असते. नव्वी-चौकीवर 40 घालणारा माणूस तो नव्हे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. त्यांनी पानं टाकून दिली असती, रिव्हरला चौकी आली असती, आणि ती कोणाच्या कामाची होती हे तुम्हाला कधी कळलंही नसतं.

पान लपवायची ही सवय तीन पत्तीतली आहे. दिवाळीत घराघरांत आपण तेच शिकतो: पानं पाहिली की तोंड पाडून बसायचं, हळूहळू चाल वाढवायची, समोरच्याला गाफील ठेवायचं. तीन पत्तीत ते चालतं, कारण तिथे वाटलेली तीन पानं शेवटपर्यंत तीनच राहतात. तुमच्याकडे राजांची जोडी असेल तर ती शो होईपर्यंत तेवढीच भारी असते. होल्डेममध्ये मध्ये पाच पानं उघडतात आणि प्रत्येक पान टेबलावरच्या सगळ्यांचं असतं. जेवढे जास्त लोक आत, तेवढी कोणाला तरी काहीतरी लागायची शक्यता जास्त. एक्क्यांची जोडी, म्हणजे या खेळातला सर्वांत भारी हात, एकासमोर सुमारे 85 टक्के वेळा जिंकते. तीच जोडी पाचजणांसमोर निम्म्या वेळाही जिंकत नाही. जोडीविना आलेल्या एक्का-राजाचं तर विचारूच नका. त्यांना फ्लॉपवर जोडी लागते ती साधारण तीनातून एकदा. म्हणून चांगलं पान आलं की गर्दी कमी करायची. पान कळलं तर कळलं.

हे नुसतं जुन्या खेळाडूंचं मत नाही. 2019मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि फेसबुकच्या संशोधकांनी प्लुरिबस नावाचा प्रोग्राम तयार केला. स्वतःशीच खेळत तो शिकला आणि सहाजणांच्या टेबलावर त्याने नावाजलेल्या व्यावसायिकांना हरवलं. तुम्ही केलं तसं, न वाढवता गुपचूप आत येणं, त्याच्या हिशेबातही तोट्याचंच निघालं. अपवाद फक्त स्मॉल ब्लाइंडवर, म्हणजे तुमच्याकडे 5 टाकतो त्या जागेवर, बसलेल्याचा.

आता फ्लॉप. राजांची जोडी, सोबत एक्का. सहाजणांत याहून चांगलं तुम्ही काय मागणार होतात? पण पॉट 60चा असताना लावले 20. बटणवाल्याकडे चौकटची दोन पानं असावीत असं मला वाटतं, म्हणजे कलरला, एकाच रंगाच्या पाच पानांना, एक पान कमी. न दिसलेल्या 47 पानांत चौकटची 9 राहिली, पुढच्याच पानावर कलर व्हायची शक्यता 19 टक्के. तुमच्या 20मुळे पॉट झाला 80, त्याला घालायचे 20, म्हणजे त्याचा कॉल शंभरातला पाचवा हिस्सा, 20 टक्के. शक्यता 19 आणि भाव 20. वर कलर लागला असता तर तुम्ही आणखी पैसे दिले असते, तो भाग वेगळा. तुम्ही त्याला रास्त भावात माल विकलात. 45 लावले असते तर त्याला 150च्या पॉटसाठी 45 घालावे लागले असते, 30 टक्के भाव. मग तो आला असता तरी तोट्यात आला असता, आणि दर वेळी असाच तोट्यात येत राहिला असता. तुमची कमाई तिथे आहे. रिव्हरला कोणाचा चेहरा पडतो, त्यात नाही.

टर्नला चेक का केलंत, ते तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, दोघांनी कॉल केल्यावर पोटात गोळा आला. दुर्रीने कोणाचं काही भलं झालं नव्हतं. तुम्ही फ्लॉपवर जेवढे पुढे होतात तेवढेच टर्नवरही होतात. तिथे 80 लावायला हवे होते. बँकवाल्यांच्या हातात तेव्हा फक्त नव्व्यांची जोडी होती. त्यांना वाचवणारी पानं पाच: दोन नव्व्या, तीन चौक्या. न दिसलेल्या 46 पानांतली पाच, म्हणजे 11 टक्के. एवढ्या शक्यतेवर 80 रुपये घालणारे ते नाहीत. तुम्ही त्यांना पुढचं पान फुकट दाखवलंत. त्या रात्रीचं हे दुसरं फुकट.

आणि आता रिव्हर, जिच्या नावाने तुम्ही सही केली आहे.

चौकी येईपर्यंत तुमचे पॉटमध्ये गेले होते 30 रुपये. अकरा टक्क्यांचं पान लागलं, त्यात ते 30 गेले. याला दुर्दैव म्हणा, मी हरकत घेणार नाही. त्यांच्या 100ला नुसता कॉल केला असता तर 130 गेले असते, आणि मी तुम्हाला एका शब्दाने बोलले नसते. 320च्या पॉटसाठी 100, राजा-एक्क्याला तो कॉल करता येतो. हा माणूस कधी ब्लफ मारत नाही हे धरून पानं टाकली असती, तरी शाबास म्हटलं असतं. पण गेले 930. मधले 800 नशिबाने नाही नेले. ते दोन निर्णयांत गेले, आणि ते दोन्ही तुम्ही चौकी डोळ्यांनी बघितल्यावर घेतलेत.

पहिला निर्णय, 300 करणं. रेझ करण्याआधी, म्हणजे समोरच्याने लावलेले वाढवण्याआधी, एक प्रश्न विचारायचा: माझ्यापेक्षा हलका हात घेऊन मला कॉल कोण करणार? राजा-राणी, फार तर राजा-गुलाम. बाकीचे हलके हात पळून जातात, भारी हात थांबतात. म्हणजे रेझ करून तुम्ही फक्त तुम्हाला हरवणाऱ्यांना टेबलावर ठेवलंत. रिव्हरला एका जोडीवर रेझ करायची वेळ फार क्वचित येते. शांत माणसाने आधी पैसे लावले असताना तर जवळजवळ येतच नाही.

दुसरा निर्णय, 600चा कॉल. इथे थोडं थांबू, कारण तुमचे 40 हजार बहुतेक याच वाटेने गेले असणार. ऑल-इन झाल्यावर पॉटमध्ये होते 120, त्यांचे 900, तुमचे 300, मिळून 1,320. तुम्हाला घालायचे 600. एकूण 1,920मध्ये 600, म्हणजे 31 टक्क्यांहून जरा जास्त. असा प्रसंग दहा वेळा आला तर त्यातल्या तीन-साडेतीन वेळा तुमची राजांची जोडी जिंकायला हवी, तरच कॉल बरोबर. आता समोरच्याच्या हातात काय असू शकतं ते मांडा. दोन जोड्या तुम्हाला हरवतात. तीन छक्क्या, तीन दुर्र्या, तीन चौक्या हरवतात. पंजी-तिर्री असेल तर दुर्री ते छक्की सिक्वेन्स झाला, तोही हरवतो. मग तुम्ही जिंकता कोणाला? अठ्ठी-सत्ती घेऊन सिक्वेन्सची वाट बघत बसलेल्याला, किंवा चौकटचा कलर हुकलेल्याला. म्हणजे ब्लफवाल्याला. आणि पत्रात तुम्हीच लिहिलंय, ‘हा माणूस आयुष्यात कधी ब्लफ मारत नाही.’ उत्तर तुमच्या हातात होतं. तुम्ही ते वाचूनही 600 मोजलेत.

का मोजलेत तेही लिहिलंय: ‘एवढे घातलेत तर’. पॉटमध्ये गेलेले 330 तेव्हा तुमचे राहिलेच नव्हते. ते परत आणायला आणखी 600 पाठवायचे का, हा हिशेबच चुकीचा. हिशेब फक्त पुढच्या 600चा: ते घातले तर सरासरी किती परत येतील? पाठीमागे किती गेले हे त्या क्षणापुरतं विसरता आलं पाहिजे. सांगायला सोपं, करायला महाकठीण, कबूल. त्यासाठी एक उपाय सांगते. मोठा कॉल करण्याआधी मनातल्या मनात एक पूर्ण वाक्य म्हणायचं: ‘मी अमुक इतके घालतोय, कारण याच्याकडे अमुक आणि अमुक हलके हात असू शकतात.’ ‘कारण’च्या पुढे हातांची नावं आली नाहीत, ‘बघूया तरी’, ‘आता काय’, ‘मला वाटतंय’ एवढंच आलं, तर पानं टाकायची.

आता एक उलटा विचार करून बघा. समजा, बँकवाल्यांचं त्या दिवशी डोकं फिरलं होतं, त्यांनी राजा-राणीवर ऑल-इन केलं आणि तुम्ही 1,920चा पॉट ओढलात. तुम्ही मला पत्र लिहिलं असतं का? नसतं. आणि चूक तर तीच, तेवढीच असती. तुम्ही डाव लक्षात ठेवता ते निकालावरून. जिंकलेले चुकीचे कॉल तुमच्या हिशेबात चूक म्हणून येतच नाहीत, म्हणून ते पुन्हा पुन्हा होतात. दर शनिवारी रात्री तीनला तुम्ही फक्त हरलेल्या रिव्हर घरी घेऊन जाता.

म्हणून वही घाला. छोटी, खिशात मावणारी. जिंकले-हरले ते त्यात लिहायचं नाही. 100 रुपयांच्या वरचा प्रत्येक निर्णय लिहायचा: पॉट किती, घालायचे किती, समोरच्याकडे काय असेल असं वाटलं. समोरची पानं उघडायच्या आधी हे मोबाइलमध्ये दोन शब्दांत टिपलं तर उत्तम, कारण पानं दिसली की मेंदू लगेच ‘मला वाटलंच होतं’ म्हणायला लागतो. मग सोमवारी सकाळी ठाण्याहून ऐरोलीची गाडी पकडलीत की त्यातला एक डाव काढायचा आणि दिघा गाव येईपर्यंत टक्केवारी सोडवायची. दोन स्टेशनांचा प्रवास, एका डावाला पुरे. गणित पाठच होऊन जातं: समोरच्याने अर्धा पॉट लावला तर तुम्हाला 25 टक्के लागतात, पूर्ण पॉट लावला तर 33.

आपल्याला हवी असलेली पानं मोजून एका पानासाठी दोनने आणि दोन पानांसाठी चारने गुणायचं, हे तुम्ही ॲपवर शिकला असालच. त्यात सगळे एक गफलत करतात. चारने गुणायचं ते फक्त ऑल-इन झालं असेल आणि दोन्ही पानं आणखी पैसे न घालता दिसणार असतील तेव्हा. टर्नला पुन्हा पैसे मोजावे लागणार असतील तर फ्लॉपवरचा भाव दोनच्याच पाढ्याने बघायचा. कलरसाठी 35 टक्के धरून लोक कॉल करतात आणि टर्नवर पुन्हा पाकीट काढतात.

आणखी एक. ॲपवर तासाला 60-70 डाव होतात. कासारवडवलीला हाताने पानं पिसायची, वाटायची, मध्ये कोणीतरी फोनवर, कोणाची भजी आली, तर तासाला 20 झाले तरी डोक्यावरून पाणी. हात शिवशिवतात. मग राणी-तिर्री पण बरी दिसायला लागते, ‘दोन्ही एकाच रंगाची आहेत ना’. एकाच रंगाची दोन पानं घेऊन बसलं तर शेवटपर्यंत कलर व्हायचं प्रमाण सहा-साडेसहा टक्के. सातजणांत पाचातून एखादा डाव खेळलात तर पुष्कळ झाला. बटणावर असाल तर थोडे जास्त खेळा, कारण तिथे सगळ्यांचं बघून शेवटी बोलायला मिळतं. पहिल्या जागेवर बसला असाल तर हात आवरा. छोट्या जोड्या स्वस्तात बघायला हरकत नाही, पण तीन पानं जुळायची ती आठ-नऊ वेळांतून एकदा. तेवढ्यासाठी 100 मोजू नका. मधल्या वेळात दुसऱ्यांचे डाव बघा. कोण चांगलं पान आल्यावर गप्प होतो, कोण चिप्स जास्त नीट रचायला लागतो. ॲपवर हे दिसत नव्हतं, इथे फुकट दिसतं. बँकवाल्यांबद्दलचं तुमचं निरीक्षण याच प्रकारचं आहे आणि अचूक आहे. वापरलं नाहीत एवढंच.

ब्लफ वाढवू का, विचारलंय. नका वाढवू. 120च्या पॉटमध्ये 60चा ब्लफ मारलात तर तो तीनातून एकदा चालला तरी सुटतो. 120चा मारलात तर निम्म्या वेळा चालायला हवा. पण जिथे सहाजण फ्लॉप बघतात आणि सगळे ‘बघूया तरी’ म्हणून कॉल करतात, तिथे ब्लफ कोणासमोर मारणार? जो पानं टाकतच नाही त्याला घाबरवता येत नाही. अशा टेबलावर पैसे मिळवायचा मार्ग फार कंटाळवाणा आहे: चांगलं पान आलं की मोठं लावायचं. ब्लफ मारायचाच झाला तर बँकवाल्यांवर मारा. तो माणूस पानं टाकू शकतो.

यजमानाच्या दहा रुपयांविषयी तुम्ही काहीच विचारलं नाही, पण मला तेच सर्वांत आधी खटकलं. तासाला 20 डाव, सहा तास, म्हणजे 120 डाव आणि 1,200 रुपये. दर शनिवारी एका माणसाचा पूर्ण बाय-इन टेबलावरून नाहीसा होतो, कोणीही जिंको. चाळीस शनिवार धरले तर 48 हजार. तुमच्या तोट्यातला काही भाग बँकवाल्यांकडे किंवा रिव्हरकडे गेलेलाच नाही, तो एसीत आणि भज्यांत गेला. हे 1,200 सातजणांत वाटले तर दर शनिवारी माणशी 170च्या वर. घरगुती खेळात तेवढं जिंकणं म्हणजे सुद्धा चांगला खेळ झाला.

शिवाय हा प्रश्न फक्त गणिताचा नाही. 1887चा जुगार प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात आजही लागू आहे, आणि त्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या जागा देणाऱ्याच्या नफ्याला धरून आहे. प्रत्येक पॉटमधून कट काढणारा यजमान आपल्या राहत्या घराला त्या व्याख्येच्या दारात नेऊन उभा करतोय, बहुधा त्याच्या गावीही नसेल. त्याला बाजूला घेऊन सांगा. खाण्याचा खर्च बिल बघून सातजणांत वाटा, कट बंद. माझं विचाराल तर पैसेच बंद करा, चिप्स नुसत्या मोजायच्या आणि रविवारी सकाळी ज्याच्या सर्वांत कमी त्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ खिलवायची. खेळ तेवढाच चुरशीचा होतो, आणि चुका तेवढ्याच शिकायला मिळतात. परदेशातून चालणाऱ्या साइटवर परत जायचा विचारही करू नका. तिथे जिंकलेले पैसे अडकले तर दाद मागायला जागा नाही.

वाशीचा 50-100चा ग्रुप: नाही. दहापट मोठं टेबल, नवीन माणसं, कोण ब्लफ मारतं कोण नाही हे माहीत नाही, आणि तुम्ही जाणार गेलेले पैसे काढायला. 5-10वर ‘एवढे घातलेत तर’ म्हणून 600 गेले, तिथे त्याच वाक्याला 6,000 लागतील. शनिवारी मोठा पॉट हरलात की पुढचे दोन डाव खेळायचे नाहीत. गॅलरीत जा, घोडबंदरवरचे ट्रक मोजा, पाणी प्या. आणि दुसरा बाय-इन संपला की उठायचं, घड्याळात अकरा का असेनात.

बायकोला सांगा. ‘पार्टीचा खर्च’ नाही, 40 हजार, पोकर. रागावतील. रागावू द्या. महिन्याला किती रुपये यावर घालायचे हा आकडा दोघांनी मिळून ठरवा आणि तो संपला की त्या महिन्याचा खेळ संपला. ज्या पैशाबद्दल घरी खोटं बोलावं लागतं, तो पैसा घेऊन टेबलावर बसलेला माणूस बरोबर निर्णय घेऊच शकत नाही, कारण त्याला प्रत्येक पॉट परत हवा असतो. आणि हा आकडा ठरवूनही शनिवारी पाय कासारवडवलीकडे वळत असतील, कार्डावर उधार घ्यावं लागत असेल, तर मग प्रश्न पोकरचा राहिलेला नाही. 14416 हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. तिथे बोला, लाज बाळगू नका.

राहिला दश्शी-दुर्रीवाला मित्र. त्याचा चॅम्पियन म्हणजे अमेरिकेचे डॉयल ब्रन्सन. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा त्यांनी 1976 आणि 1977 अशी लागोपाठ दोनदा जिंकली, आणि दोन्ही वेळा शेवटच्या डावात त्यांच्या हातात दश्शी-दुर्री होती. दोन्ही वेळा फुल हाउस झालं, म्हणजे एका आकड्याची तीन आणि दुसऱ्याची दोन पानं. तेव्हापासून तो हात त्यांच्या नावानेच ओळखला जातो. पण शेवटच्या डावात टेबलावर दोघंच उरलेले असतात, तिथे कुठलंही पान खेळावं लागतं. सातजणांत, पहिल्या जागेवरून, दश्शी-दुर्री म्हणजे नव्वी-चौकीची सख्खी बहीण. ब्रन्सननीही ती तशी खेळली नसती.

त्याला समजवू नका. कोणालाच टेबलावर शिकवू नका, एक तर ते वाईट दिसतं आणि दुसरं, तो सुधारला तर नुकसान तुमचंच. त्याने 10 टाकले आणि तुमच्याकडे एक्का-राजा आला, की 50 करा.